हे हत्यार कशासाठी होते?

बोटभर लांबीची धातूची दांडी. एका टोकाला शर्टाच्या बटणाहून लहान गोल चकती आणि चकतीच्या तोंडावर काही बारीक, टोकदार दात. धार नाही, मूठ नाही, कुठे काही लिहिलेले नाही. जुन्या आरोग्य केंद्राच्या स्टोअरमध्ये किंवा निवृत्त कर्मचाऱ्याच्या पत्र्याच्या पेटीत अशी वस्तू निघाली की पाहणारा पहिला अंदाज शिंप्याचा बांधतो, दुसरा चांभाराचा. कातड्यावर नक्षी उठवायचे काहीतरी असेल, असेही कुणी म्हणतो. हा शेवटचा अंदाज अर्धा बरोबर आहे. दात कातडीवरच उठत, पण ती कातडी जिवंत माणसाची असे.

या दांडीने उठवलेली खूण धडगावला आजही पाहायला मिळते. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या डोंगरात वसलेले हे अक्राणी तालुक्याचे मुख्य गाव. ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत साठी ओलांडलेला एखादा पावरा आजोबा रक्तदाब मोजायला बाही वर करतो, तेव्हा दंडावर मोठा, गोल, किंचित खोलगट वण दिसतो. कधी एक, कधी दोन, कधी त्याहून जास्त. विचारले तर ‘लहानपणी टोचलं होतं’ एवढेच उत्तर. वय विचारले तर आजोबा हसतात. जन्माची नोंद नाही, आधार कार्डावर १ जानेवारी. पण तो वण कार्डाहून खरे बोलतो. हा माणूस १९७०च्या दशकाच्या अखेरीआधी जन्मलेला आहे, कारण त्यानंतर या देशात ते टोचणे बंद झाले.

ती दांडी म्हणजे देवीची लस टोचायचे चक्री हत्यार. कातडीवर लसीचा थेंब ठेवायचा, त्यावर दातांची चकती टेकवायची आणि दांडी बोटांत धरून पिळायची. दात कातडी खरवडत आणि लस आत जाई. एकाच मुलाला दोन-चार जागी असे केले जाई. जखमा चिघळत, ताप येई, हात सुजे. देवी टोचणारा गावात आला की मुले शेतात लपवली जात, हा अडाणीपणाचा किस्सा म्हणून सांगितला जातो. हत्यार हातात घेऊन पाहिले की त्या आयांची बाजूही कळते.

भारतातली पहिली यशस्वी देवीची लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला टोचली गेली. त्यानंतर पावणेदोनशे वर्षे टोचणे चालू राहिले, हत्यारे मात्र बदलत गेली. शेवटचे हत्यार सर्वांत साधे निघाले. १९६०च्या दशकात अमेरिकेत बेंजामिन रुबिन यांनी सुईचे नेढे घासून तिला दोन टोके आणली. त्या दोन टोकांच्या खाचेत लसीचा नेमका एक डोस अडकून राही. सुई कातडीवर पंधरा वेळा भराभर टोचली की काम झाले. लस पूर्वीच्या चौथाईत भागू लागली, जखम लहान झाली आणि नवख्या माणसालाही अर्ध्या तासात शिकवता येऊ लागले. या सुया भारतात पोहोचल्यावर चक्री दांड्या पेटीत गेल्या. देशातल्या मातीत लागण झालेला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५मध्ये बिहारात सापडला. त्याच महिन्यात बांगलादेशातून आलेला एक रुग्ण आसामात नोंदला गेला, तो देशातला अखेरचा. त्यानंतरही घरोघर शोध चालूच होता आणि देवीचा रुग्ण दाखवणाऱ्याला हजार रुपयांचे बक्षीस जाहीर झाले होते. ते मिळवायला रुग्णच उरला नव्हता.

दोन हत्यारांचे वणही वेगळे. चक्रीचा मोठा आणि पसरट, दुटोकी सुईचा लहान. डाव्या दंडावरचा छोटा, आक्रसलेला वण बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लशीचा. दांडी कधीच भंगारात गेली असेल, तिचा ठसा मात्र माणसाच्या दंडावर पन्नास-साठ वर्षे टिकला आहे.

अनोळखी हत्यार ओळखायची हीच मुख्य वाट आहे. वस्तू मुकी असली तरी तिच्या अंगावर झीज राहते आणि तिने ज्यावर काम केले त्याच्या अंगावर खूण राहते. पुरातत्त्वात या झिजेच्या अभ्यासाची स्वतंत्र शाखा आहे. सोव्हिएत संशोधक सर्गेई सेमेनोव यांनी दगडी हत्यारे सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि कातडे खरवडणारा दगड वेगळा झिजतो, लाकूड तासणारा वेगळा, हाड कोरणारा आणखी वेगळा, हे १९५७च्या आपल्या ग्रंथात मांडले. गवत आणि धान्याच्या काडीत सिलिका असते. दगडी पात्याने पीक कापत राहिले की त्याच्या धारेलगत आरशासारखी चकाकी चढते. चकाकीचा पट्टा दिसला की ते पाते विळ्याचे.

धडगावहून डोंगर उतरून शहाद्याच्या बाजूला आले की तापी आणि गोमाई यांच्या संगमावर प्रकाशे लागते. तेथे १९५५मध्ये बी. के. थापर यांनी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे उत्खनन केले, तेव्हा सर्वांत खालच्या, ताम्रपाषाण काळातल्या थरात दगडाची अशी छोटी पाती निघाली. एखादे पाते सुटे हातात घेतले तर नखाहून थोडे मोठे, आणि त्याने काय होणार असे वाटते. पण त्या काळची माणसे अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत ओळीने बसवत. मग त्यांची सुरी होई, विळा होई. लाकूड कुजते, पाती उरतात. आपल्या हाती येतो तो हत्याराचा दात, हत्यार नव्हे. विळा येथे लक्षात ठेवावा, पुढे त्याच्याशी दोनदा गाठ पडणार आहे.

झीज नसेल तर मोठी पंचाईत होते. युरोपात रोमन काळातले शंभराहून अधिक पोकळ धातूचे गोळे सापडले आहेत. बारा पंचकोनी बाजू, प्रत्येक बाजूला वेगळ्या मापाचे भोक, प्रत्येक कोपऱ्यावर गोळी. अगदी २०२३मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्टन डिस्नी येथेही एक निघाला. कुणी त्याला मेणबत्तीचे घर म्हणाले, कुणी अंतर मोजायचे साधन. कुणी तर त्यावर लोकरीचे हातमोजे विणूनही दाखवले. मोजे उत्तम झाले, पण तसले विणकाम रोमन लोकांना माहीत असल्याचा पुरावा नाही. एखाद्या वस्तूने एक काम करता येते एवढ्यावरून ती त्याच कामासाठी केली होती असे ठरत नाही. डॉक्टरांनाही हा धडा रोज लागतो. औषध दिले आणि ताप उतरला, म्हणून त्या औषधानेच उतरला असे नसते.

दवाखान्यातल्या जुन्या वस्तूंत मात्र झीज भरपूर सापडते. काचेच्या इंजेक्शनांच्या जुन्या डब्यात कधीकधी एक छोटा दगड असतो. गुळगुळीत, काळसर आणि मध्ये बारीक खाच पडलेला. नव्या सिस्टरांना तो डब्यात कसा आला तेच कळत नाही. तो इंजेक्शनच्या सुयांना धार लावायचा दगड. एकदाच वापरायच्या सुया येण्याआधी तीच सुई उकळून पुन्हा पुन्हा वापरत. बोथट झाली की दगडावर घासत आणि टोक वळले आहे का हे पाहायला ती कापसातून ओढत. कापसाचा धागा अडकला तर पुन्हा दगड. त्या खाचेकडे पाहून हजारो सुयांचा अंदाज येतो आणि थोडी भीतीही वाटते, कारण नीट न उकळलेल्या सुईतून कावीळ एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात असे. आजच्या लसीकरणाच्या सिरिंजचा दट्ट्या एकदा दाबला की अडकतो, पुन्हा ओढताच येत नाही. हा बदल त्या दगडाला दिलेले उत्तर आहे.

दुसरी वस्तू म्हणजे लाकडाचे किंवा ॲल्युमिनियमचे कर्णे. एका बाजूला पसरट तोंड, दुसऱ्या बाजूला सपाट चकती. रॉकेल ओतायचे नरसाळे म्हणून ते घरी नेणारे महाभागही असतात. फ्रान्सच्या अदोल्फ पिनार यांनी १८९५मध्ये केलेले हे पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचे साधन. पसरट तोंड आईच्या पोटावर, चकती कानाला. त्याला वीज लागत नाही. डोंगरातल्या उपकेंद्रात लाइट गेलेली असताना आजही ते काम करते, तेव्हा त्याला जुने म्हणण्याची घाई नको.

आता घरातल्या हत्यारांकडे. दवाखान्यातली वस्तू कोणत्या तरी पुस्तकात, कंपनीच्या यादीत सापडते. घरातल्या वस्तूची यादी नसते आणि एकच वस्तू चार कामे करते. सातपुड्यातला बाणच घ्या. भिल्लांच्या भात्यात लोखंडी पात्याच्या बाणांबरोबर एखादा बाण टोक नसलेला, पुढे लाकडाचे जाड बोंड असलेला असतो. परक्याला तो मोडका किंवा अर्धवट वाटतो. तो पक्ष्यासाठी असे. टोकदार बाण पक्ष्यासकट फांदीत रुतून बसतो, बोंडाचा बाण पक्ष्याला खाली पाडतो आणि स्वतःही परत हाती येतो. लोखंडी पात्याचे काम सर्वांना ठाऊक असते. पण देशातल्या आदिवासी भागांतल्या बाळंतपणाच्या नोंदी चाळल्या तर तेच पाते आणखी एका कामाला लागलेले दिसते. त्याने नाळ कापली जाई. कुठे बाणाचे पाते, कुठे विळा, कुठे बांबूची ताजी चिरलेली कामटी. बांबूच्या सालीतही सिलिका असते, तिची धार ब्लेडच्या जवळपास जाते.

नाळ कशाने कापावी हा प्रश्न फार जुना आहे. चरकसंहितेत त्यासाठी सोने, चांदी किंवा लोखंड यांचे शस्त्र सांगितले आहे. जुन्या लोकांना जंतू माहीत नव्हते, पण प्रत्येक समाजाने या कामासाठी काहीतरी ठरवून ठेवले होते. अडचण धारेची नव्हतीच. धनुर्वाताच्या जंतूंची बीजे मातीत आणि शेणात वर्षानुवर्षे जिवंत राहतात. शेतातून आलेला विळा, झोपडीची जमीन, नाळेच्या टोकाला लावलेले शेण किंवा राख, यांतून ती बाळात शिरत. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत छान दूध पिणारे बाळ मग एकदम तोंड आवळून घेई, शरीर धनुष्यासारखे ताठ होई आणि आठवड्याभरात जाई. यावर उपाय निघाला तो दोन बाजूंनी. गरोदर आईला धनुर्वाताची लस, आणि दाईला स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवे ब्लेड, स्वच्छ दोरा व नाळेला काही न लावणे ही शिकवण. माता व नवजात बालकांच्या धनुर्वातातून भारत मुक्त झाल्याचे २०१५मध्ये जाहीर झाले. मुक्त म्हणजे आजार प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून खाली आला. मातीतली बीजे तेथेच आहेत. म्हणून लस चालूच ठेवावी लागते.

तुंबडीचे थोडक्यात सांगायचे तर, लहान शिंग किंवा पोकळ भोपळा, बारीक टोकाला भोक. कातडीवर चिरा देऊन रुंद तोंड टेकवायचे, भोकातून हवा शोषून घ्यायची आणि मेणाने ते बंद करायचे. सुश्रुतसंहितेत शिंग, भोपळा आणि जळू अशी रक्त काढायची तिन्ही साधने आहेत. चिरा न देता लावलेल्या तुंबडीचे जांभळे गोल २०१६च्या ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर साऱ्या जगाने पाहिले. पाठीवर ओळीने गोल वण आणि त्यांत समांतर चिरांच्या बारीक रेघा दिसल्या की त्या माणसाची पाठ कधीकाळी बराच काळ दुखत होती, एवढे नक्की सांगता येते.

ओपीडीत बसणाऱ्याला खरी जरूर लागते ती या अशा वाचनाची. वण कशाने झाला हे ओळखणे अर्धे काम. तो कशासाठी दिला होता हे कळले तर निदान हाती येते.

सातपुड्यात डाग देण्याची जुनी रीत आहे. मेळघाटात तिला डंबा म्हणतात. विळ्याचे पाते किंवा लोखंडी सळई तापवून लहान मुलाच्या पोटावर, छातीवर चटके दिले जातात. अशा बातम्या आल्या की शहरातला वाचक हळहळतो, संतापतो, आणि दुसऱ्या पानाकडे वळतो. संताप योग्यच आहे. चटक्याने कोणताही आजार बरा होत नाही. उलट कोवळ्या कातडीतून जंतू शिरतात, बाळ दूध सोडते आणि दवाखान्यात पोहोचायचे मोलाचे दोन दिवस वाया जातात. पण रागावलेल्या डॉक्टरला आई काही सांगत नाही. ती पदर पुढे ओढते आणि मान खाली घालते. पुढच्या वेळी मूल आजारी पडले तर ती येतच नाही.

‘कोणी केलं हे?’ या प्रश्नाला धडगावात उत्तर मिळत नाही. ‘माय, तेव्हा पोराला काय होत होतं?’ या प्रश्नाला मिळते.

मिळणारी उत्तरे साधारण दोन प्रकारची असतात. पहिले उत्तर, पोट उडत होते. बाळ धापा टाकत होते, प्रत्येक श्वासाबरोबर पोट वरखाली होत होते. घरच्यांना दुखणे पोटात दिसले, म्हणून डाग पोटावर दिला. डॉक्टरला तेच छातीत दिसते, कारण न्यूमोनियात फुप्फुस कडक होते, बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते आणि पोट जोराने हलू लागते. आईचे निरीक्षण अचूक होते, जागा चुकली. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असतील तर तो वेगवान श्वास. छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ दूध पीत नसेल तर तत्काळ रुग्णालय. शंका आली तर शांत झोपलेल्या बाळाचे पोट उघडे करून पूर्ण मिनिटभर मोजावे, अर्ध्या मिनिटाची दुप्पट करू नये, कारण बाळाचा श्वास मधूनच थांबतो आणि मधूनच पळतो.

साठपर्यंत मोजणे सोपे आहे असे शिकलेल्यांना वाटते. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दाईंना न्यूमोनिया ओळखायला शिकवायचे ठरवले, तेव्हा अनेकींना मोजता येत होते ते दहापर्यंतच. मग एक साधन तयार झाले. पाटीवर मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया. शंभर वर्षांनी ही पाटी कुणाला माळ्यावर सापडली तर तो तिला लहान मुलांचे खेळणे म्हणेल, यात शंका नाही.

दुसरे उत्तर जास्त महत्त्वाचे आणि ते बहुधा उशिराच मिळते. डाग पोटाच्या मधोमध नसतो, डाव्या बाजूला बरगडीखाली असतो. एक किंवा दोन आडव्या, विळ्याच्या पात्यासारख्या किंचित वळलेल्या रेघा. आई सांगते की तेथे गोळा आला होता. मूल पिवळे-पांढरे पडत होते, हातपाय सुजून रडत होते, ताप येत-जात होता. बडव्याला दाखवले, त्याने गोळ्यावर डाग दिला.

डावीकडे बरगडीखाली असते पानथरी, वैद्यकीय भाषेत प्लीहा. बडव्याच्या हाताला ती लागली होती. त्याने ज्या गोळ्यावर विळा ठेवला तो खराच होता. मलेरियाने पानथरी वाढते आणि डोंगरातल्या जुन्या डागांपैकी अनेकांमागे मलेरिया असणार. पण पानथरी मोठी, रक्त कमी, हाता-पायांची बोटे सुजणे आणि सांधे-हाडांत वारंवार कळा, हे सगळे एकत्र आले की धडगावात पहिले नाव दुसरेच घ्यावे लागते.

त्या आजाराचे नावच विळा आहे. १९१०मध्ये शिकागोत जेम्स हेरिक यांनी वेस्ट इंडीजमधल्या एका तरुण रुग्णाचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. एरवी वाटोळ्या, मध्ये चेपलेल्या दिसणाऱ्या तांबड्या पेशींत काही पेशी लांबट आणि वळलेल्या होत्या. त्यांना त्या विळ्यासारख्या वाटल्या आणि इंग्रजीत विळ्याला ‘सिकल’ म्हणतात. वळलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, तेथे कळ उठते. त्या लवकर मरतात, म्हणून रक्त कमी. मेलेल्या आणि अडकलेल्या पेशी पानथरीत साठतात, म्हणून ती मोठी. भारतात हा आजार १९५२मध्ये प्रथम नोंदला गेला. महाराष्ट्रात भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा काही जमातींत या जनुकाचे वाहक २० ते ३५ टक्के आढळले आहेत. पुण्याचे डॉ. सुदाम काटे, ज्यांना २०१९मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी राज्यातल्या आदिवासींमधला हा आजार शोधण्यात आयुष्याचा मोठा भाग घातला.

वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे येथे ठासून सांगायला हवे, कारण या एका गैरसमजावरून लग्ने मोडतात. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडूनच हे जनुक आले तर माणूस वाहक असतो, त्याला सहसा काही त्रास नसतो आणि लहानपणी जीवघेण्या मलेरियापासून थोडे संरक्षणही मिळते. मलेरियाच्या जंगलांत हे जनुक टिकून राहिले ते त्यामुळे. दोघांकडून आले तर आजार होतो. दोन वाहकांच्या प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता चारात एक. पहिली तपासणी दोन-तीन थेंब रक्तात होते. द्रावण गढूळ झाले आणि नळीमागची रेघ दिसेनाशी झाली तर पुढची तपासणी करून वाहक की रुग्ण हे ठरवतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची अशी तपासणी करण्याचे ठरले आहे. रुग्णाला हायड्रॉक्सीयुरिया नावाची गोळी मिळते, तिने कळांचे झटके कमी होतात. लहान मुलांना पेनिसिलिन आणि न्यूमोकोकसची लस लागते, कारण या आजारात पानथरी मोठी दिसली तरी जंतूंशी लढायचे तिचे काम नीट होत नाही.

सर्वांत घातक प्रसंगही पानथरीचाच असतो. लहान मुलात ती कधीकधी काही तासांत फुगते. शरीरातले बरेचसे रक्त तिच्यात अडकते आणि मूल डोळ्यांदेखत पांढरे पडते. वेळेत रक्त चढवले तर वाचते. धडगाव तालुक्यातल्या पाड्यांवरून, नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या ज्या गावांसाठी बोटीतला दवाखाना चालवावा लागतो तेथून, रक्ताच्या बाटलीपर्यंतचे अंतर काही तासांचेच असते. त्यामुळे गोळा वाढतो आहे हे घरातच कळले पाहिजे.

जमैकात ग्रॅहम सर्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच केले. त्यांनी आयांना मुलाची पानथरी हाताने चाचपायला शिकवले आणि असे होणारे मृत्यू खूप कमी झाले. कोणतेही यंत्र लागले नाही. सुश्रुताने १०१ यंत्रे सांगितली आणि त्यांत हात हेच प्रधान यंत्र म्हटले, ते अशा वेळी आठवते. भारतीय रुग्णांत पानथरी बरीच वर्षे मोठी राहते, तेव्हा हे शिकणे येथे आणखी उपयोगाचे. मूल उताणे, गुडघे थोडे दुमडलेले. आपला हात कोमट. बोटे डाव्या बाजूला बेंबीच्या पातळीपासून हळूहळू वर बरगडीकडे न्यायची, खोल दाबायचे नाही. मूल श्वास आत घेते तेव्हा पानथरीची कड बोटांना येऊन लागते. बडव्याच्या बोटांना जी लागत होती तीच.

काही ठिकाणी आयांना यासाठी एक लाकडी पट्टी देतात. घसा तपासताना जीभ दाबायला वापरतात ती, आइस्क्रीमच्या कांडीसारखी. तिच्यावर काही छापलेले नसते, फक्त पेनाने ओढलेली एक आडवी रेघ असते. पट्टीचे एक टोक मुलाच्या डाव्या स्तनाग्राशी धरायचे, खाली पानथरीची कड जेथे लागते तेथे डॉक्टर रेघ ओढून देतो. पट्टी घरी खुंटीला टांगायची. ताप आला, मूल मलूल झाले, ओठ आणि तळहात पांढरे वाटले की ती काढून मोजायचे. कड रेघेच्या खाली गेलेली असेल तर उजाडायची वाट न पाहता १०८ला फोन करायचा, आणि रुग्णालयात पोहोचताच पहिल्या भेटणाऱ्या सिस्टरच्या हातात ती पट्टी द्यायची.